फुकटचं विद्यापीठ : टपालापासून मोबाइलपर्यंत

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचं ठरलं की संपादक मंडळाचा निरोप आम्हाला ठरलेलाच असतो, "गुरुजी, इतिहासावर काहीतरी लिहा." आजवर आम्ही महाडच्या तळ्यावर लिहिलं, लेण्यांवर लिहिलं, वस्तीच्या जुन्या आठवणी लिहिल्या. यंदा जरा वेगळा विषय घेत आहोत. त्याला कारण घडलं ते अभ्यासिकेतच.

पावसाळ्यात एका संध्याकाळी आपल्याच गल्लीतल्या एक ताई मुलाला घेऊन अभ्यासिकेत आल्या. हातात मुलाचा मोबाइल. म्हणाल्या, "गुरुजी, जयभीम. हा म्हणतो, अमेरिकेतल्या कॉलेजचा कोर्स घरबसल्या फुकट करता येतो. खरं आहे का हे, का कुणीतरी फसवतंय? फुकट म्हटलं की मला भीतीच वाटते." मुलगा मान खाली घालून उभा. त्याच्या पडद्यावर खरोखरच एका मोठ्या विद्यापीठाचं नाव होतं.

आम्ही "खरं आहे" एवढंच म्हणून त्यांना वाटेला लावू शकलो असतो. पण ताईंच्या भीतीतही तथ्य होतं. फुकट शिक्षण ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यात खाचखळगेही तितकेच खरे आहेत. एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून घरी येऊन जुनी टिपणं काढली. त्यातून जे हाती लागलं ते वाचकांपुढे ठेवतो.

ज्याला वर्गात जाता येत नाही त्याच्यापर्यंत वर्ग नेण्याची धडपड मोबाइलच्या किती तरी आधीची आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन नावाच्या शिक्षकाने टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. त्याच वर्षी तिकडे एका पेनीचं टपाल सुरू झालं होतं. विद्यार्थ्याने धडा लिहून पाठवायचा, गुरुजींनी तपासून परत करायचा. हे पिटमनचं नाव आपल्या वडीलधाऱ्यांना नवीन नाही. शॉर्टहँड-टायपिंगच्या क्लासला जाऊन, त्याच्याच पद्धतीचे बाक आणि रेघा गिरवून सरकारी कचेरीत स्टेनो म्हणून लागलेली माणसं आपल्या वस्तीत होती. त्यांच्या पगारावर पुढची एक पिढी शिकली.

पुढे १८५८ साली लंडन विद्यापीठाने एक मोठी गोष्ट केली. विद्यार्थी कोणत्या कॉलेजात शिकला, शिकला की नाही, हे न विचारता परीक्षेला बसू द्यायचं ठरवलं. जगात कुठेही राहा, अभ्यास स्वतः करा, परीक्षा द्या, पदवी घ्या. तुरुंगात असताना नेल्सन मंडेला याच विद्यापीठाच्या कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. दगड फोडून आल्यावर पुस्तक उघडायचं, तेही पहारेकऱ्यांच्या मर्जीने. दार उघडं होतं हे खरं, पण आत शिरणं किती अवघड होतं तेही यावरून दिसतं.

आपल्याकडे दार उघडण्याची गोष्ट आणखी वेगळ्या रीतीने घडली. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली हे आपण सर्व जाणतो. पण १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तिचा उल्लेख कमी होतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा फुकट असून काय उपयोग? त्याला फीइतकीच वेळेची अडचण असते.

ही गोष्ट परमपूज्य डॉ. बाबासाहेबांना कुणी सांगायला नको होती. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडनला गेले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. शिक्षण मध्येच तुटणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः सोसलेलं होतं. म्हणून १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. सकाळी कॉलेज, मग कचेरी. टपाल खात्यातले, रेल्वेतले, गिरणी-गोदीतले कितीतरी तरुण डबा बरोबर घेऊनच कॉलेजात येत. आम्हाला असे पदवीधर भेटलेले आहेत. नोकरी न सोडता शिकता येणं, हीच त्यांच्या लेखी मोठी सवलत होती.

आता मुक्त विद्यापीठाकडे येऊ. १९६३ साली इंग्लंडात मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात रेडिओ-टेलिव्हिजनवरून चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणली जेनी ली या मंत्री बाईंनी. त्या स्कॉटलंडमधल्या एका खाणकामगाराच्या कन्या. त्यांना पुष्कळांनी सांगितलं की, गिरणीकामगारांना आणि घरच्या बायकांना पदवी कशाला, एखादा साधा प्रशस्तिपत्रकाचा कोर्स काढा. बाई ऐकल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की, गरिबांसाठी म्हणून हलकी पदवी मुळीच द्यायची नाही. द्यायची तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तोडीची, नाहीतर विद्यापीठच नको. १९६९ साली सनद मिळाली, १९७१ च्या जानेवारीत २४-२५ हजार विद्यार्थी घेऊन अभ्यास सुरू झाला. प्रवेशाला कुठलीच परीक्षा पास असण्याची अट नाही. मधल्या काळात सरकार बदललं होतं, नव्या पक्षातल्या अनेकांना हे खूळ वाटत होतं, तरी विद्यापीठ टिकलं.

ते का टिकलं, इकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावं. बीबीसीवर पहाटे आणि रात्री उशिरा व्याख्यानं लागत, ती लोकांच्या लक्षात राहिली. पण खरा आधार वेगळाच होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. तो गृहपाठ तपासून, समासात शेरे लिहून परत पाठवी. गावोगाव अभ्यासकेंद्रं होती. उन्हाळ्यात आठवडाभर निवासी शिबिर असे, तिथे प्रयोगशाळा, चर्चा, ओळखीपाळखी. म्हणजे टेलिव्हिजनच्या मागे माणसं उभी होती. नुसता पडदा असता तर दोन वर्षांत गाशा गुंडाळला असता, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ साली हैदराबादला निघालं. १९९१ पासून ते डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. १९९४ साली गुजरातनेही आपल्या मुक्त विद्यापीठाला बाबासाहेबांचंच नाव दिलं. उघड्या दाराच्या विद्यापीठांना हे नाव मिळावं, हे आम्हाला फार समर्पक वाटतं. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चं, आणि आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. मराठीत स्वतः वाचून समजतील अशी पुस्तकं या विद्यापीठाने तयार केली. आणि ज्यांची बारावी झालेली नाही अशांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला.

त्या पूर्वतयारीमुळे आपल्या वस्तीत काय झालं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. सातवी-आठवीला लग्न होऊन आलेल्या बायका रविवारी साडी नीट नेसून, पिशवीत पुस्तकं घालून अभ्यासकेंद्रावर निघायच्या. शेजारणी विचारायच्या, "कुठं निघाल्या?" तर म्हणायच्या, "बाजारात." शिकायला जाते म्हणायची लाज वाटायची. त्यातल्या एक जणी पुढे अंगणवाडी सेविका झाल्या, एक जणी बी.ए. झाल्या आणि मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' या रकान्यात स्वतःच्या हाताने 'पदवीधर' असं लिहिलं. काही जणींचं मध्येच सुटलं, हेही सांगितलं पाहिजे. दोन-तीन जणींनी संपर्कसत्रं चुकवली, मग पुस्तक उघडलंच गेलं नाही.

इथवरच्या सगळ्या शिक्षणाला थोडी का होईना, फी होती. संपूर्ण फुकटची गोष्ट सुरू झाली ती २००१ साली, आणि तीसुद्धा गमतीशीर रीतीने. अमेरिकेत एमआयटी नावाची तंत्रज्ञानाची जगप्रसिद्ध संस्था आहे. इंटरनेटवरून शिकवून आपल्याला पैसे कसे मिळवता येतील, हे बघायला त्यांनी एक समिती नेमली होती. त्या काळी इंटरनेटच्या धंद्याची हवा जोरात होती. समितीने हिशेब मांडला आणि सांगितलं, यात नफ्याची फारशी आशा नाही. त्यापेक्षा आपलं सगळं शिक्षणसाहित्य जगाला फुकट देऊन टाकू. एप्रिल २००१ मध्ये संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी तशी घोषणा केली. २००२ मध्ये पहिले ५० अभ्यासक्रम आले आणि २००७ पर्यंत जवळजवळ सगळे, म्हणजे सुमारे १८०० अभ्यासक्रमांच्या टिपणी, प्रश्नपत्रिका, वाचनाच्या याद्या कुणालाही बघायला मोकळ्या झाल्या. २००२ मध्येच युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत अशा साहित्याला 'मुक्त शैक्षणिक साधने' असं नाव मिळालं. त्याच सुमारास क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने निघाले. लेखकाने आधीच लिहून द्यायचं की, हे माझं लेखन घ्या, वापरा, भाषांतर करा, फक्त माझं नाव राहू द्या. आमच्यासारख्या शिक्षकाला हे फार मोलाचं वाटतं. कारण आमच्या नोकरीच्या काळात चांगल्या पुस्तकाच्या चार प्रती काढायच्या तरी झेरॉक्सवाल्याकडे चोरासारखं जावं लागे.

एमआयटीने एक गोष्ट प्रामाणिकपणे पहिल्याच दिवशी सांगितली होती. आम्ही साहित्य देत आहोत. शिक्षक देत नाही, पदवीही देत नाही.

मग आलं २०११ साल. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सेबास्टियन थ्रून आणि त्यांचे सहकारी पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग इंटरनेटवर सर्वांना फुकट खुला केला. व्हिडिओ, दर आठवड्याचा गृहपाठ, परीक्षा, सगळं. १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली, १९० च्या वर देशांतून. वीस हजारांच्या वर लोकांनी कोर्स पुरा केला. थ्रून यांनी पुढे सांगितलं की, गुणांच्या यादीत पहिल्या चारशे जणांत स्टॅनफर्डचा एकही विद्यार्थी नव्हता. हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, आमचा ऊर भरून आला. गुणवत्ता मोठ्या कॉलेजच्या फाटकाआतच असते, हा समज एका यादीने पार उतरवला होता.

२०१२ साली तर लाटच आली. थ्रून यांनी युडॅसिटी काढली, स्टॅनफर्डच्याच अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा काढली, आणि हार्वर्ड व एमआयटीने मिळून एडएक्स ही संस्था काढली, तिच्यासाठी दोघांनी मिळून ६ कोटी डॉलर घालायचं ठरवलं. एडएक्सचे प्रमुख अनंत अगरवाल हे मूळचे मंगळूरचे, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. त्यांचा विद्युत-मंडलांचा पहिला कोर्स होता. जवळपास १,५५,००० जणांनी नाव घातलं, ७,१५७ पास झाले. शंभरापैकी पाचही नाहीत. तरी अगरवालांचं म्हणणं असं की, एवढे विद्यार्थी मला वर्गात शिकवायला चाळीस वर्षं लागली असती. दोन्ही गोष्टी खऱ्याच.

त्याच कोर्सात मंगोलियाच्या राजधानीतल्या एका १५ वर्षांच्या मुलाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढे त्याला एमआयटीत प्रवेशही मिळाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची कहाणी छापली. बघा, गरीब देशातला मुलगा, हातात फक्त इंटरनेट, आणि कुठे पोचला! ही कहाणी आम्हीही अभ्यासिकेत मुलांना सांगत होतो. पुढे सविस्तर वाचलं तेव्हा कळलं की आम्ही अर्धीच कहाणी सांगत होतो. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले होते. त्यांनी अमेरिकेतून एका तरुण शिक्षकाला बोलावलं होतं. तो येताना प्रयोगाचं साहित्य पेट्यांत भरून घेऊन आला आणि शाळेतल्या मुलांना समोर बसवून तारा जोडायला शिकवल्या. मुलाची हुशारी वादातीत आहे. पण त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये दोन माणसं होती, ती बातमीच्या मथळ्यात आली नाहीत.

लगेच पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, दुसरी बाजू उघडी पडली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे राज्य विद्यापीठाने युडॅसिटीबरोबर करार केला. गणिताचे दोन आणि संख्याशास्त्राचा एक, असे तीन कोर्स, प्रत्येकी १५० डॉलर. त्यात आधी गणितात नापास झालेले विद्यार्थी होते, गरीब वस्तीतल्या शाळेतली मुलं होती, काहींच्या घरी धड संगणकही नव्हता. निकाल लागला तो असा, की जास्तीत जास्त निम्मी मुलं पास झाली, आणि कच्च्या मुलांच्या गणितात तर त्याहून पुष्कळ कमी. वर्गात बसून शिकलेल्यांपेक्षा हा निकाल फार वाईट होता. जुलैमध्ये प्रयोग थांबवला गेला. आपला माल चांगला नाही, असं नोव्हेंबरात खुद्द थ्रून यांनीच मुलाखतीत कबूल केलं.

त्याच विद्यापीठात त्याच वर्षी आणखी एक प्रसंग घडला, तो आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा 'न्याय' या विषयावरचा कोर्स एडएक्सवर गाजत होता. तो आपल्याकडे वापरावा, असं सॅन होजेच्या तत्त्वज्ञान विभागाला सुचवण्यात आलं. विभागाने नकार दिला आणि सँडेल यांना उघडं पत्र लिहिलं. मुद्दा असा मांडला की, पुढे दोन प्रकारची विद्यापीठं होतील. श्रीमंतांच्या मुलांना समोर बसलेला, प्रश्नाला उत्तर देणारा गुरू मिळेल. आणि आमच्याकडच्या मुलांना मात्र त्या गुरूच्या ध्वनिचित्रफिती. न्याय शिकवायचा तोही असा! सँडेल यांच्या शिकवण्याबद्दल तक्रार नव्हती. आपल्या वाट्याला नेहमी दुसऱ्याच्या ताटातलं का यावं, हा सवाल होता. ज्या समाजाला शतकानुशतकं वर्गाबाहेर बसवलं गेलं, त्याला हा सवाल समजावून सांगायची गरज नाही.

फायदा कुणाला होतो याची मोजदादही त्या सुमारास झाली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आपल्या कोर्सच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. उत्तरं देणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे आधीच पदवी होती. आणि भारत, ब्राझील, चीन, रशिया, दक्षिण आफ्रिका या देशांतले जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी तिथल्या सर्वांत सधन आणि शिकलेल्या ६ टक्के लोकांतले होते. पाणपोई रस्त्यावर लावली खरी, पण आधी घरून पिऊन आलेलेच रांगेत पुढे! हार्वर्ड-एमआयटीच्या कोर्सांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये छापून आला. त्यात दिसलं की नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण नंतर एकदाही आत डोकावले नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे जेमतेम ३ टक्के होते.

पैशाचं पुढे काय झालं, तेही थोडक्यात सांगतो. फुकट द्यायलाही खर्च येतो, तो कुणीतरी भरावा लागतो. सुरुवातीला प्रशस्तिपत्रक फुकट होतं, मग त्याला पैसे आले. मग अनेक कोर्सांत गृहपाठ तपासून हवा तर पैसे, असं झालं. कोर्सेरा २०२१ मध्ये शेअर बाजारात उतरली. त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स ८० कोटी डॉलरना टूयू नावाच्या खासगी कंपनीला विकली. ती कंपनी २०२४ मध्ये कर्जापायी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेली. युडॅसिटीही त्याच साली एका बड्या सल्लागार कंपनीकडे गेली. यात कुणी लबाडी केली असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या दाराची किल्ली कंपनीच्या खिशात आहे, ते कधी उघडं ठेवायचं आणि कधी लोटायचं हे कंपनी ठरवणार. एमआयटीची २००१ ची ती जुनी टिपणं मात्र अजूनही तशीच मोकळी आहेत, हे नमूद करतो.

आपल्या देशातलं काम याहून थोडं निराळं आहे, कारण ते सरकारी पैशाने चाललं. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा प्रकल्प सुरू केला. अभियांत्रिकीची व्याख्यानं चित्रित करून सर्वांना खुली केली. २०१४ पासून त्यांचे परीक्षेसह कोर्स सुरू झाले. शिकणं फुकट, प्रशस्तिपत्रक हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीत सवलत असते. अर्ज भरताना जातीचा दाखला जवळ ठेवावा. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं, आणि इंटरनेट नसलेल्या घरांसाठी 'स्वयम् प्रभा' या ३२ दूरदर्शन वाहिन्या. कॉलेजने मान्य केलं तर यातले गुण पदवीत धरले जातात. २०१६ च्या नियमाने सत्रातले २० टक्के विषय असे घेता येत होते, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. 'कॉलेजने मान्य केलं तर' हे शब्द विसरू नका. आपल्या एका मुलाने कष्टाने कोर्स पास केला आणि त्याच्या कॉलेजच्या ऑफिसने "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणून कागद परत केला. आधी विचारून घेतलं असतं तर बरं झालं असतं, ही आमचीही चूक.

आणि भाषा! हा आमच्या मते सर्वांत मोठा अडसर. मराठी शाळेतून दहावी झालेल्या मुलाला व्याख्यान समजत नाही ते विषय अवघड म्हणून नव्हे, बोलणं भराभर आणि इंग्रजीत म्हणून. काही व्याख्यानांची मराठी भाषांतरं झाली आहेत, पण यंत्राने केलेली भाषांतरं कधी कधी अशी असतात की मूळ इंग्रजी सोपं वाटावं. या बाबतीत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी चालवलेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प आम्हाला फार आवडला. दहा-दहा मिनिटांचे धडे. पडद्यावर इंग्रजीच दिसतं, कारण नोकरीत तेच दिसणार. पण सांगणारा आवाज मराठीत. एकट्याने बसून, थांबवत थांबवत, सोबत करत जायचं, अशी त्यांची रचना आहे. सातवीच्या मुलापासून गृहिणीपर्यंत कुणालाही जमतं. तसंच बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफच्या रूपात फुकट उतरवून घेता येतात, हे अजून कितीतरी पालकांना माहीत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत या सगळ्याची परीक्षा झाली. शाळा मोबाइलवर आल्या. आपल्या वस्तीत एका घरात तीन भावंडं आणि एक मोबाइल, तोही वडील कामावर घेऊन जाणार. थोरल्या मुलीने आपला तास धाकट्याला दिला आणि स्वतः मागे पडली. असं कितीतरी घरांत झालं असेल. फुकट शिक्षण येईपर्यंत मोबाइल, रिचार्ज, बसायला शांत कोपरा, हे सगळं विकतच असतं.

त्यानंतरची एक कडू आठवण. शहरातल्या एका खासगी क्लासने आपल्या एका मुलीकडून संगणकाच्या कोर्सचे १२ हजार रुपये घेतले. तिच्या आईने भिशीचे पैसे मोडले. नंतर कळलं की क्लासमध्ये दाखवत होते ते सगळे धडे इंटरनेटवर फुकट होते. मुलीने आम्हाला विचारलं, "मग गुरुजी, मी पैसे कशाचे दिले?" आम्ही थोडा विचार करून म्हणालो, "बाकाचे, पंख्याचे आणि रोज सकाळी नऊला तिथं यावंच लागायचं त्याचे." ती हसली, पण आम्हाला मात्र हे उत्तर नंतर बरेच दिवस टोचत राहिलं. बाक आणि पंखा तर आपल्या विहारातही आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात अभ्यासिकेत एक लहानसा प्रयोग केला. स्वयम् वरचा एकच कोर्स निवडला. नऊ जणांनी नाव नोंदवलं. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी सात वाजता, सर्वांनी एकत्र बसून तोच धडा बघायचा. मध्ये थांबवायचं, ज्याला समजलं त्याने दुसऱ्याला मराठीत सांगायचं, मग गृहपाठ. शिकवणारा आमच्यात कुणी नव्हता. एका बँकेत काम करणाऱ्या ताई रविवारी येऊन बसायच्या, एवढाच काय तो आधार. नवापैकी दोघे पहिल्या पंधरवड्यातच गळाले, एकाला रात्रपाळी लागली, एकीचं लग्न ठरलं. पाच जण शेवटापर्यंत टिकले, चौघांनी परीक्षेची फी भरली, तिघे पास झाले. नवात तीन. अमेरिकेतल्या आकड्यांशी आमच्या नऊ पोरांची तुलना करू नये हे आम्हाला समजतं, पण आनंद झाला तो झालाच.

त्या ताईंच्या मुलाबद्दल वाचक विचारतील. त्याने अमेरिकेचा तो कोर्स तिसऱ्या आठवड्यात सोडला. आईने आम्हाला येऊन सांगितलं, "सोडला म्हणतो. मी रागावले नाही." तो नवांच्या गटात होता, पास झालेल्या तिघांत मात्र नाही, तो फी न भरलेला पाचवा. घरात तेव्हा पैशाची ओढाताण होती आणि त्याने आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं तोपर्यंत मुदत संपली होती. यंदा विहार समितीने परीक्षा-फीसाठी दानपेटीतून वेगळी रक्कम बाजूला ठेवली आहे. नाव कुणाला कळणार नाही, चिठ्ठी समितीच्या सचिवांकडे द्यावी.

पुढचा गट जुलैपासून बसेल. दिवस तेच, बुधवार आणि रविवार, सायंकाळी सात ते नऊ. अभ्यासिकेतल्या तीन संगणकांपैकी एक बंद आहे, आणि पावसात इंटरनेटची तार गळतीच्या भिंतीवरून जाते ती दुसरीकडून घ्यायची आहे. ज्यांच्या घरी चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल त्यांनी तो आणून द्यावा. त्या मुलाने या वेळी पहिलंच नाव लिहिलं आहे.